बैलांची डोण, पिल्लांचं आंबोण

मित्रांनो, दगडाला कुठला आला जन्म, असं तुम्हाला वाटत असेल. डोंगरात तो युगानुयुगं पडलेलाच असतो. खरं आहे. पण ज्या दिवशी कुणीतरी त्याच्याकडे थांबून बघतं, त्याच्यावर टिचकी मारून कान लावतं आणि म्हणतं, "हा चांगला वाजतो," त्या दिवशी तो जन्मतो. माझाही जन्म असाच झाला. मी बीड जिल्ह्यातल्या एका लहानशा गावची जुनी दगडी डोण आहे. जनावराला पाणी पाजायला किंवा आंबोण घालायला दगड पोखरून जे लांबट भांडं करतात, ते म्हणजे डोण. आणि आंबोण म्हणजे पाण्यात भिजवलेलं खाद्य. एवढे दोन शब्द ध्यानात ठेवा, म्हणजे पुढची गोष्ट सोपी आहे.

माझ्यावर टिचकी मारणाऱ्याचं नाव शहादेव. जातीने वडार, म्हणजे दगडाशी पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलेला माणूस. पाटोद्याच्या अलीकडे बालाघाटाचा डोंगर उतरतो, तिथे मी अर्धी मातीत रुतले होते. शहादेवने मला पहारीने उपसून काढलं आणि सव्वा महिना छिन्नी-हातोड्याने माझं पोट कोरलं. त्याची बायको चतुराबाई तेव्हा नवी नवरी होती. दगडाची भुकटी उडून नवऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून ती माझ्यावर पाणी शिंपत बसायची. कोरून झाल्यावर तिने वाळू आणि विटेचा तुकडा घेऊन मला आतून आठ दिवस घासलं. जनावराची जीभ कुठे खरचटायला नको, एवढंच तिचं म्हणणं. माझ्या डाव्या कोपऱ्यात छिन्नी जराशी घसरली होती. तेवढी जागा मात्र तिला काही केल्या गुळगुळीत होईना. ती खडबडीत राहिली ती राहिलीच.

मग मी रामकिसन नानांच्या वडिलांच्या मळ्यात गेले. गावातलं ते मोठं घर. विहिरीच्या काठी मला बसवलं. मोटेचं पाणी पाटात पडायचं आणि त्यातलंच थोडं माझ्यात यायचं. दुपारी बैल सुटले की चार-चार मिळून माना घालून पाणी प्यायचे. त्यांची ओली नाकपुडी माझ्या काठाला टेकली की मला बरं वाटायचं. पोळ्याला बैलांच्या आधी मला धुवायचे आणि हळदीकुंकू लावायचे. आल्या-गेल्याला घरधनी सांगायचे, "अशी डोण साऱ्या पंचक्रोशीत नाही." मला ऐकू यायचं बरं. दगडालाही कौतुक आवडतं.

पुढे विहिरीवर इंजिन आलं, मग विजेची मोटार आली. सिमेंटचा हौद बांधला. बैल कमी झाले. एके दिवशी दोन गड्यांनी मला उचलून गोठ्याच्या भिंतीकडेला पालथी टाकली. माझ्या पाठीवर बायका घोंगड्या धोपटायच्या, कोंबड्या बसायच्या. पालथं पडलं की आभाळ दिसत नाही, मित्रांनो. फक्त आपल्या पोटातला अंधार दिसतो. वीस-बावीस वर्षं मी तशी होते. देवाने आपल्याला कशासाठी घडवलं, हे विसरायला एवढी वर्षं पुरतात.

आता खरी गोष्ट ऐका.

लागोपाठ दोन सालं पावसाने पाठ फिरवली. गावाला टँकरने पाणी यायचं. शहादेव देवाघरी गेला होता. त्याचा मुलगा आश्रुबा आणि सून भिवराबाई दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परतायचे. दगडाचं काम आता कुणाला नको होतं. चतुराबाई म्हातारी झाली होती आणि तिच्या डोळ्यांत पडदे आले होते. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पोरं तोडीला गेली की ती घरात एकटी राहायची. शेजारी भाकरी द्यायचे, पण शेजारीही बहुतेक तोडीलाच गेलेले. त्या साली आश्रुबा आणि भिवराबाई परत आले, तेव्हा म्हातारी चुलीपाशी बसलेली होती आणि तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला होता. चूल पेटलेली आहे हे तिला दिसलंच नव्हतं. आठ दिवस तिने कुणाला सांगितलंही नव्हतं.

भिवराबाईने त्या हाताला तेल लावलं आणि नवऱ्याला सांगून टाकलं की, यंदा मी आत्याबाईला सोडून तोडीला येणार नाही. आश्रुबा म्हणाला, मग खायचं काय? त्याचंही खरं होतं.

तालुक्याला बायकांची वराहपालन सहकारी संस्था निघाली होती. वराह म्हणजे डुक्कर. वडारवस्तीत पूर्वीपासून डुकरं असत, पण ती गावभर फिरून पोट भरत. संस्थेने दूध तुटलेली, पांढरी, गुलाबी कानांची पिल्लं दिली. भिवराबाईला दहा आणि तिची शेजारीण जानकीबाईला दहा. ही पिल्लं बांधून पाळायची, चांगलं खाऊ घालायचं, सात-आठ महिन्यांत मोठी करून विकायची. ती नीट वाढली तर भिवराबाई घरी राहू शकणार होती. नाही वाढली, तर पुन्हा उसाचा फड, आणि म्हातारी पुन्हा चुलीपाशी एकटी.

पण दुष्काळात दहा तोंडांना घालायचं काय? गावाबाहेर जनावरांची छावणी लागली होती. तिथल्या वहीत बैल, गाय, म्हैस एवढेच रकाने. भिवराबाई विचारायला गेली तर वही लिहिणारा म्हणाला, "बाई, डुकराला कुठल्या रकान्यात बसवू?" ती परत आली.

मार्ग संस्थेनेच दाखवला. माणसाच्या खाण्यासाठी धान्य तयार करताना जे मागे राहतं, त्यावर ही पिल्लं मोठी होतात. दाळ मिलमध्ये तूर भरडली की साल आणि बारीक तुकडे उरतात, ती चुनी. पिठाच्या गिरणीत सांडलेला, चाळून निघालेला कोंडा. कडा गावाकडच्या एका गुऱ्हाळातून रस उकळताना वर येणारी मळी, डब्यातून. जे कुणाच्या ताटात जात नाही ते सगळं. संध्याकाळी चुनी भिजत घालायची, सकाळी तिच्यात कोंडा, चिमूटभर मीठ आणि थोडी मळी कालवायची. झालं आंबोण. पिल्लं नुसता वास आला तरी किंचाळायची.

अडचण एकच होती. भिवराबाई ते आंबोण फाटक्या टायरात घालायची आणि पिल्लं टायर उलथवायची. निम्मं खाद्य धुळीत जायचं. तेव्हा चतुराबाईला माझी आठवण झाली. आपल्या नवऱ्याच्या हातची डोण नानांच्या गोठ्यामागे असेल, ती मागून बघ, असं तिने लेकाला सांगितलं.

आश्रुबा दारात येऊन उभा राहिला तेव्हा रामकिसन नाना अंगणातच होते. आता तेच गावचे पुढारी, सोसायटीचे चेअरमन. आश्रुबाने चाचरत सांगितलं. नाना माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या बापाच्या हातची हाय बे. घेऊन जा. इथं पालथी पडून काय करायली?"

बैलगाडीतून मी वडारवस्तीत आले. चतुराबाई दारात उभी होती. तिने पुढे होऊन माझ्या पोटात हात फिरवला. डाव्या कोपऱ्यात बोटं थांबली. बराच वेळ तिने हात काढला नाही.

खरं सांगते मित्रांनो, मला आधी वाईटच वाटलं. जिच्यातून बैल पाणी प्याले, जिला पोळ्याला कुंकू लागलं, तिच्यात आता डुकरं तोंड घालणार. गावालाही तसंच वाटलं. टँकरच्या रांगेत कौसल्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बैलाची डोण डुकराला लावली म्हणं. यंदा पोळ्याला डुकरंच मिरवा आता." बायका हसल्या. भिवराबाईने हंडा भरला आणि खाली मान घालून घरी आली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी आंबोण पडलं आणि दहा गुलाबी नाकं एकदम माझ्यात शिरली. ऊन, ओली, लुसलुशीत नाकं. त्यातलं सगळ्यात लहान पिल्लू काठ उंच पडला म्हणून सरळ माझ्या पोटातच उतरलं आणि खाऊन झाल्यावर तिथेच झोपलं. त्याचं नाव चतुराबाईने बुटकी ठेवलं. ती झोपलेली असताना तिचं इवलंसं काळीज माझ्या दगडावर टकटक करत होतं. तेव्हापासून मी लाजणं सोडलं. भूक लागलेल्या जिवाने तोंड घातलं की भांडं पवित्रच होतं. मी तरी दुसरा धर्म काय पाळणार?

चतुराबाईला एक काम मिळालं. आंबोण घातलं की आधी ती माझ्यात हात घालायची. दाळ मिलच्या चुनीत कधी खिळा येतो, कधी पोत्याची सुतळी, कधी बुरशीचा गोळा. डोळ्यांना दिसलं नसतं ते तिच्या बोटांना कळायचं. ती हात काढून "हां" म्हणाली की मगच भिवराबाई पिल्लांच्या खोपीचं दार उघडायची. भिंतीपलीकडे जानकीबाईही तेच खाद्य टायरातून घालायची. दोन्हीकडची पिल्लं वाढत होती. दुपारी चतुराबाई माझ्या काठाला पाठ टेकून बसायची आणि पिल्लांना देवाच्या गोष्टी सांगायची. पृथ्वी पाण्यात बुडाली तेव्हा देवाने वराहाचं रूप घेतलं आणि तिला सुळ्यावर उचललं, ही गोष्ट तर रोजची. सांगून झाली की हसायची. "त्यानं पिरथमी उचलली, अन् माझ्याच्यानं बादली उचलत न्हाई."

जेठ महिना कोरडा गेला. नानांनी आपल्या म्हशी छावणीत पाठवल्या. एके सकाळी ते स्वतः वस्तीत आले. मागे गड्याच्या डोक्यावर पोतं. पिल्लांकडे बघून त्यांचा चेहरा खुलला. एवढी स्वच्छ, गुबगुबीत पिल्लं त्यांनी पाहिली नव्हती. म्हणाले, "भिवरा, म्हशी तर गेल्या. ही सरकीची पेंड घरात पडून किडायली. अजून चार पोती हायेत. तुझ्या लेकरांला घाल."

मित्रांनो, आमच्याकडे सरकीची पेंड म्हणजे काय, ते सांगायला हवं. कापसाच्या बियांचं तेल काढून उरतं ती ही पेंड. दुभत्या म्हशीला, नुकत्याच व्यालेल्या गाईला, पेरणीला जुंपायच्या बैलाला घालतात. ज्याच्यावर जीव, त्याच्यापुढे सरकीची पेंड. आणि ती आज नाना स्वतः डुकरांसाठी घेऊन आले होते. टँकरच्या रांगेतलं ते हसणं भिवराबाईच्या काळजातून एका क्षणात निघून गेलं. तिने पदर डोळ्यांना लावला.

अर्धं पोतं तिने जानकीबाईला देऊ केलं. जानकीबाई मोठी मिस्कील. म्हणाली, "नको गं माय. माझ्यांला चुनीचीच सवय ऱ्हाऊ दे. पेंड सरली की रुसून बसतील, अन् मला त्यांची समजूत काढता येत न्हाई."

भिवराबाईने चुनी कमी केली आणि पेंड वाढवली. पहिले पंधरा-वीस दिवस पिल्लं अशी चकाकली की बघत राहावं. चतुराबाई हात घालायची, खिळा नाही, बुरशी नाही, पेंड ताजी, वास गोड. "हां" म्हणायची.

पाचव्या आठवड्यात पिल्लं सुस्त झाली. दार उघडलं तरी धावत येईनात. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सगळ्यात दांडगं पिल्लू डोणीकडे धावलं, माझ्या काठावर हनुवटी टेकवली आणि तिथेच आडवं झालं. उठलंच नाही. भिवराबाईला वाटलं, ऊन लागलं. चार दिवसांनी दुसरं गेलं. तिला वाटलं, अशक्तपणा आला. म्हणून तिने उरलेल्यांना पेंड आणखी वाढवली. आपल्या तोंडचा घास काढून द्यावा तशी ती पेंड घालत होती, आणि मी ती माझ्या पोटात घेऊन त्यांच्यापुढे धरत होते. मला तरी कुठे ठाऊक होतं?

त्यातच मुकादम सुग्रीव वस्तीत आला. ऊसतोडीला माणसं नेणारा तो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ही त्याच्या धंद्यातली भाषा. त्याने मेलेलं पिल्लू पाहिलं, कुंपणापाशी उभा राहिला आणि आश्रुबाला म्हणाला की आता तरी पूर्ण कोयता येतो म्हण. म्हातारीला कुणाकडे तरी ठेव. भिवराबाईने दसऱ्यापर्यंत थांबा म्हणून विनवलं. तो जाता जाता म्हणाला, "दसऱ्यापस्तोर काय ऱ्हातंय त्ये बघा."

तिसरं पिल्लू गेलं आणि गावात एकच बोलणं सुरू झालं. डोण बाटवली म्हणून बैलांचा तळतळाट लागला. कौसल्याबाई म्हणाली, मी आधीच सांगितलं होतं. आणि मित्रांनो, आश्रुबालाही ते पटलं. दुःखात माणसाला कारण लागतं, आणि मी समोर होते. मला नाल्यात लोटून द्यायचं त्याने ठरवलं. ज्या पहारीने त्याच्या बापाने मला मातीतून काढलं होतं, तीच घेऊन तो आला.

त्या दिवशी गोकुळाष्टमीचा काला होता. मंदिरात सप्ताहाचं शेवटचं कीर्तन चाललं होतं. चतुराबाईला तिथवर चालवत नव्हतं, म्हणून ती नेहमीसारखी माझ्या काठाला पाठ टेकून भोंग्यावरून ऐकत होती. बुवा रंगात आले होते. कुणा गवळ्याच्या पोराने दहीभात आणला, कुणी ताकातली भाकरी, कुणी नुसतं लोणचं, आणि देव प्रत्येकाच्या शिदोरीत हात घालून विचारतोय, तू काय आणलंस? मृदंग अगदी माझ्या दगडातून घुमत होता. आश्रुबा पहार घेऊन आला आणि थांबला. आई कीर्तन ऐकत असताना तिला उठवायचं कसं? तो शेजारी उकिडवा बसून राहिला.

काल्याची हंडी फुटली, गजर झाला आणि भोंगा बंद झाला. सगळं गाव प्रसादाला मंदिराकडे गेलं. वस्तीत एकदम शांतता पसरली.

त्या शांततेत चतुराबाईने मान वळवली. "आश्रुबा, ह्यो कशाचा आवाज रं?"

सात पिल्लं सावलीत पडली होती. प्रत्येकाची कूस लोहाराच्या भात्यासारखी खाली-वर होत होती. फस्स, फस्स, फस्स. एवढे दिवस गडबडीत कुणी ऐकलंच नव्हतं. म्हातारी उठली, भिंतीला हात लावत गेली आणि पलीकडे कान दिला. जानकीबाईची दहाच्या दहा पिल्लं झोपली होती. त्यांचा श्वास ऐकू येतो न येतो असा शांत.

ती परत आली. माझ्यात सकाळचं आंबोण तसंच पडलं होतं. तिने हात घातला, डाव्या कोपऱ्यात अडकलेली पेंड चिमटीत घेऊन लेकापुढे धरली आणि जानकी हे घालते का, म्हणून विचारलं. आश्रुबा म्हणाला, ती नुसती चुनी घालते, पण तिच्याकडे टायर आहे, डोण नाही. सगळे डोणीचंच म्हणायलेत.

"दगड कुणाला काय खाऊ घालतो बाबा?" चतुराबाई म्हणाली. "तुमी जे घालता, त्येच त्यो म्होरं करतो. पंधरा रोज पेंड बंद कर. जानकीचंच खाणं ह्याच डोणीत घाल. येवढं करून बी न्हाई वाचली, तर मग लोट मला बी नाल्यात तिच्यासंगं."

तिला कारण ठाऊक नव्हतं, मित्रांनो. तिने फक्त ऐकलं होतं. आश्रुबाने पहार भिंतीला टेकवली.

दुसऱ्या दिवशी तो पाटोद्याहून जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. तरुण माणूस होता. त्याने पिल्लांच्या छातीला नळी लावली, पेंड पाहिली आणि किती दिवस घालता ते विचारलं. मग भिवराबाईला समजावून सांगितलं. सरकीत एक विषारी अंश असतो. गाय-म्हैस रवंथ करते, तिचं पोट चार कप्प्यांचं, मोठ्या म्हशीला बेताने घातली तर तो तिथेच बराचसा जिरून जातो. डुकराचं पोट आपल्यासारखं एकच. त्याला तो जिरवता येत नाही. तो साठत जातो आणि काळजावर येतो. पेंड चांगलीच होती, पण हे पोट तिच्यासाठी नव्हतं.

भिवराबाईने पेंडीच्या पोत्याकडे पाहिलं. म्हणाली, "म्या तर जास्त घालत गेले, सायेब. बरी व्हावी म्हणून."

 डॉक्टरांनी सांगितलं की, चुनी-कोंडा चालू ठेवा, जोडीला भुईमुगाची पेंड मूठ-मूठ द्या, ती डुकराला मानवते. पण बुरशी आलेली अजिबात नको. आणि धीर धरा, आत साठलेलं लगेच जाणार नाही.

ते खरं ठरलं. पेंड बंद करूनही नवव्या दिवशी चौथं पिल्लू गेलं. त्या दिवशी आश्रुबाने पहारीकडे बघितलं. चतुराबाईला ते दिसलं नाही, पण कळलं. पंधरा रोज झाले नाहीत अजून, एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून ती रोज दुपारी माझ्यापाशी बसून सहा श्वास मोजू लागली. आधी ते एकमेकांत गुंतलेले असायचे. मग हळूहळू सुटे झाले. तेराव्या दिवशी बुटकीने माझ्या काठावर दोन पाय ठेवले आणि आंबोणासाठी किंचाळली. चतुराबाईने हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

नानांना हे समजलं तेव्हा ते स्वतः आले. उरलेली पोती गाडीत घालून छावणीत म्हशींसाठी पाठवली. आपल्या चांगुलपणाने चार जीव गेले, हे त्यांना लागलं होतं. भिवराबाई म्हणाली की तुमच्या मनात काय होतं ते देवाला माहीत आहे, नाना. पण नाना तेवढ्यावर थांबले नाहीत. टँकरच्या रांगेत जाऊन त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की, दोष डोणीचा नव्हता, पेंड माझी होती. कौसल्याबाई कानकोंडी झाली. दोन दिवसांनी तिने गिरणीतला पाटीभर कोंडा वस्तीत आणून ठेवला.

दसऱ्याला सुग्रीव आला. सहा पिल्लं होती, पण आजारात मागे पडलेली. विकायच्या जोगी व्हायला अजून दोन महिने हवे होते. आता काय, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता. आश्रुबाने भिवराबाईकडे पाहिलं, मग आईच्या भाजलेल्या हाताकडे. आणि म्हणाला, "मी अर्धा कोयता येतो, मुकादम. ही येणार न्हाई. तिला इथं काम हाय."

अर्धा कोयता म्हणजे एकटा माणूस. त्याला काम जास्त पडतं, भाकरी स्वतः थापावी लागते. सुग्रीवने थोडी कुरकुर केली आणि मानला. जाताना आश्रुबा आईच्या पाया पडला, मग माझ्या काठावर हात ठेवून जरासा उभा राहिला.  दगडाची माफी अशीच मागतात.

तो हिवाळा चतुराबाईने उन्हात बसून काढला. भिवराबाई चूल पेटवायची, भाकरी चुरून द्यायची, पाठीला तेल लावायची. पौषात टेम्पो आला आणि पाच डुकरं घेऊन गेला. ती कुठे गेली, मला माहीत आहे, मित्रांनो. तुम्हालाही माहीत असेल. त्याबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मला एवढंच सांगायचं आहे की, जोवर ती इथे होती, तोवर एक दिवसही उपाशी नव्हती, आणि जे दुखलं ते मायेच्या अज्ञानाने दुखलं. बुटकीला भिवराबाईने विकलं नाही. आता ती मोठी झाली आहे, आणि तिची नऊ पिल्लं माझ्या भोवती लोळतात.

मित्रांनो, मी दगड. मला तोंड आहे ते फक्त दुसऱ्यांनी तोंड घालण्यापुरतं. तरी एक मागणं मागते. ज्याला तुम्ही सांभाळता, मग ते वासरू असो, कुत्रं असो की घरातलं म्हातारं माणूस, त्याला आपल्याला जे उत्तम वाटतं ते वाढायच्या आधी त्याच्या पोटाला काय मानवतं ते विचारा. त्याला सांगता येत नसेल, तर त्याच्याजवळ बसा. सगळा गलबला थांबू द्या आणि त्याचा श्वास ऐका. जाणत्याला विचारायला लाजू नका. आणि जे धान्यातून, तेलातून, गुळातून मागे उरतं त्याला टाकाऊ म्हणू नका. कुणाची तरी न्याहारी त्यातच असते.

बरं, आता जरा बाजूला सरका पाहू. भिवराबाई बादली घेऊन आली आहे आणि चतुराबाई हात धुऊन तयार आहे. तिने हात घालून "हां" म्हटलं की दार उघडेल, आणि मग ही नऊ जणं कुणाचं काही ऐकणार नाहीत.